नकाशात ‘कमी प्रवण’ असलेल्या गावाच्या विहिरीत नायट्रेट कसे आले?

काटोल तालुक्यातील एका ग्रामपंचायतीच्या पाणी व स्वच्छता समितीच्या सदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. भूजल प्रदूषण-प्रवणतेच्या एका नकाशात त्यांचे गाव हिरव्या रंगात, म्हणजे ‘कमी प्रवण’ गटात दाखवले आहे. मे महिन्यातील पाण्याचा नमुनाही चांगला आला होता. दिवाळीनंतर मात्र पाणीपुरवठ्याच्या विहिरीत नायट्रेट मर्यादेच्या वर निघाले. तेव्हा नकाशा चुकला की प्रयोगशाळा चुकली, आणि गावाने आपल्या भूजलाला असलेला धोका स्वतः तपासायचा ठरवले तर तो कसा तपासावा?

गेली सव्वीस वर्षे मी नागपूर जिल्ह्यात भूजलाचेच काम करत आहे. त्या अनुभवावरून सांगतो की या प्रकरणात प्रयोगशाळेने चूक केली नसण्याचीच शक्यता अधिक आहे, आणि नकाशाही त्याच्या परीने खोटे बोलत नसावा. नकाशा ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न आपला नव्हता, एवढेच घडले आहे.

‘प्रवणता’ ही कल्पना फ्रेंच भूजलशास्त्रज्ञ जाँ मार्गा यांनी १९६८ मध्ये मांडली. जमिनीवर सांडलेली घाण खालच्या पाण्यापर्यंत पोहोचू नये म्हणून माती, मुरूम आणि खडक मिळून किती अडथळा करतात, त्या अडथळ्याचे हे माप आहे. तो जमिनीचा स्वभाव झाला. पाणी आज दूषित आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. जमीन अगदी कच्ची असली तरी वर घाण नसेल तर पाणी स्वच्छ राहते, आणि जमीन बऱ्यापैकी राखणदार असूनही तिच्यावर वर्षानुवर्षे भार पडत राहिला तर पाणी बिघडते. यवतमाळ-चंद्रपूरकडील फ्लोराइडसारखी गोष्ट तर खडकातूनच पाण्यात उतरते, त्यामुळे तिचा या हिशेबाशी संबंधच येत नाही. म्हणून गावाचा धोका पाहताना जमिनीचा स्वभाव, वरचा भार आणि विहिरीची स्वतःची अवस्था या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासून मग एकत्र ठेवाव्या लागतात. नकाशा यांपैकी पहिलीच गोष्ट सांगतो, आणि तीही मोठ्या क्षेत्राची सरासरी काढून.

आपल्याकडील बहुतेक नकाशे ‘ड्रॅस्टिक’ पद्धतीने केलेले असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी १९८७ मध्ये तयार झालेल्या या पद्धतीचे नाव तिच्यातील सात घटकांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले आहे. पाण्याची खोली, पुनर्भरण, जलधर (पाणी साठवणारा) खडक, माती, जमिनीचा उतार, माती आणि पाणीपातळी यांच्यामधला कोरडा थर आणि खडकाची पारगम्यता (पाणी वाहू देण्याची क्षमता) असे ते सात घटक आहेत. प्रत्येकाला १ ते १० गुण द्यायचे, त्या गुणांना ठरलेल्या भाराने गुणायचे आणि बेरीज करायची. खोली आणि मधला थर यांना भार ५, पुनर्भरणाला ४, जलधर आणि पारगम्यता यांना ३, मातीला २ आणि उताराला १. बेरीज जितकी मोठी तितकी जमीन अधिक प्रवण. पद्धत सोपी आहे आणि तालुक्याचा प्राधान्यक्रम ठरवायला उपयोगीही आहे. अडचण येते ती गुण देताना कोणी काय गृहीत धरले यात, आणि आपल्या काळ्या जमिनीत ही अडचण फार मोठी होते.

आपल्याच गावासारखे एखादे गाव घेऊन हिशेब मांडून पाहू. समजा मे महिन्यात विहिरीचे पाणी १० मीटरवर होते. त्या खोलीला ५ गुण मिळतात आणि भार ५ असल्याने २५ होतात. हीच पातळी ऑक्टोबरमध्ये ३ मीटरवर आली तर गुण ९ आणि गुणाकार ४५. मधल्या थराची नोंद कोणी ‘चिकणमाती’ अशी केली तर सर्वसाधारण गुण ३, म्हणजे १५ होतात. पण खाली भेगांचा बेसॉल्ट आहे हे ओळखून त्याला सर्वसाधारण ९ गुण दिले तर तेच ४५ होतात. मातीचे तर याहून बोलके आहे. या पद्धतीत न आकसणाऱ्या चिकणमातीला १ गुण आहे आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळणाऱ्या चिकणमातीला ७. विदर्भाची काळी जमीन दुसऱ्या प्रकारची आहे, हे शेतात एकदा मे महिन्यात उभे राहिले की कळते. पण संगणकावर बसून नुसते ‘चिकणमाती’ वाचणारा माणूस तिला पहिल्या प्रकारात टाकतो आणि १४ ऐवजी २ धरतो. आता या तीन घटकांची बेरीज करा. एका मांडणीत ती ४२ येते आणि दुसऱ्या मांडणीत १०४. गाव तेच, विहीर तीच, पण ६२ गुणांच्या फरकाने ते हिरव्या रंगातून उचलून लाल रंगात ठेवता येते. म्हणून कोणताही प्रवणता-नकाशा हाती आला की आधी दोन गोष्टी विचाराव्यात: पाणीपातळी कोणत्या महिन्याची घेतली, आणि काळ्या मातीला किती गुण दिले.

काळ्या मातीविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण तिच्यावर आपला सर्वांचा प्रमाणाबाहेर विश्वास आहे. पावसाळ्याच्या मध्यावर ती फुगून बसते आणि पाणी मुरू देत नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. त्यावरून ती घाणही अडवत असेल असा समज होतो, आणि त्या दिवसांपुरता तो खराही असतो. परंतु मे अखेरीस त्याच शेतात हात जाईल एवढ्या भेगा असतात, त्या मीटरभर आणि कधी त्याहूनही खोल गेलेल्या असतात, आणि मृगाच्या पहिल्या सरीचे पाणी मातीतून न गाळता थेट त्या भेगांतून उतरते. नेमके याच वेळी गावाभोवतीचे उकिरडे उपसून शेणखत पसरलेले असते, नाल्या महिनोन्‌महिने साचलेल्या असतात आणि पेरणीचे खत शेतात पडण्याच्या बेतात असते. म्हणजे जमिनीचे दार सताड उघडे असण्याचा आणि वर सर्वाधिक घाण असण्याचा काळ एकच आहे. जेथे काळ्या मातीचा थर हातभर आहे आणि खाली लगेच मुरूम लागतो, तेथे भेग मुरमापर्यंतच गेलेली असते. बरड जमिनीत तर एवढीही माती नसते.

मुरमाखालच्या खडकात काय होते, हे समजून घेताना घाणीला विहिरीपर्यंत यायला किती दिवस लागतात असे विचारणे मला सर्वात उपयोगाचे वाटते. बहुतेक रोगजंतू जमिनीखाली फार काळ तग धरत नाहीत. म्हणून जर्मनी, ब्रिटन अशा देशांत पाण्याच्या स्रोताभोवती ५० दिवसांच्या प्रवासाचे संरक्षित क्षेत्र आखण्याची पद्धत आहे. पाण्याचा वेग काढायला पारगम्यतेला पाण्याच्या उताराने गुणून सच्छिद्रतेने भागावे लागते. उदाहरणादाखल कन्हान नदीकाठची वाळू घेऊ. पारगम्यता दिवसाला २० मीटर, उतार हजारात २ आणि सच्छिद्रता २० टक्के धरली तर वेग दिवसाला २० सेंटिमीटर येतो आणि ५० दिवसांत पाणी १० मीटर सरकते. आता काटोलकडचा झिजलेला, भेगाळ बेसॉल्ट घेऊ. पारगम्यता वाळूच्या चौथाईने, म्हणजे ५ मीटर. उतार शंभरात १. आणि सच्छिद्रता फक्त २ टक्के, कारण पाणी साऱ्या खडकातून नव्हे तर फटीफटींतूनच वाहते. वेग येतो दिवसाला अडीच मीटर, आणि ५० दिवसांत पाणी १२५ मीटर जाते. खडक वाळूपेक्षा ‘घट्ट’ असूनही घाण त्यात बारापट वेगाने धावते, ही गोष्ट ऐकणाऱ्याला पटत नाही, पण वाट अरुंद असली की तेवढेच पाणी वेगाने जाणार, हे नालीत पाहिले की पटते. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून १० मीटर दूर असावा, हा आपल्याकडे सर्रास सांगितला जाणारा नियम वाळूमातीच्या जमिनीत ठीक आहे. उताराच्या वरच्या अंगाला असलेल्या खड्ड्यासाठी आपल्या खडकात मी त्यावर मुळीच विसंबणार नाही.

याशिवाय विहीर हीच एक वाट असते. काही वर्षांपूर्वी कळमेश्वर तालुक्यातील एका गावी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मी विहिरीच्या कठड्यावर ओणवा होऊन बांधकाम पाहत होतो. पाणी अजून बरेच खाली होते आणि बाजूचा दगड कोरडा होता. फक्त कपडे धुण्याच्या ओट्याच्या बरोबर खाली, जिथे पिंपळाचे मूळ दगडांच्या सांध्यात शिरले होते, तिथून करंगळीएवढी धार चिकटून खाली उतरत होती आणि तिच्या कडेने पांढरी खार धरली होती. आम्ही दोरीने एक डबा सोडून त्या धारेचे पाणी घेतले, त्याची विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांबरोबर वाढणारे माप, मोजली आणि मग पाच किलो खडेमीठ दोन बादल्या पाण्यात विरघळवून ओट्यामागच्या तुंबलेल्या नालीत ओतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धारेच्या पाण्याची वाहकता दुपटीहून अधिक झाली होती. नाली आणि विहीर यांच्यामध्ये जेमतेम सात पावलांचे अंतर होते, पण पाणी मातीतून आलेच नव्हते. ते ओट्याच्या तड्यातून, मुळाच्या वाटेने आले होते. कोणत्याही नकाशाच्या सात घटकांत ही वाट बसत नाही.

बोअरच्या बाबतीत हा दोष दिसत नाही म्हणून अधिक घातक ठरतो. केसिंग पाईप कठीण खडक लागेपर्यंतच घालतात आणि पाईप व भोक यांच्यामधली पोकळी सिमेंटने बंद न करता पुष्कळदा मातीने नुसती बुजवतात. मग दोनशे फुटांवरचे पाणी म्हणून आपण जे पितो त्यात पहिल्या वीस फुटांतले नालीचे पाणी पाईपच्या बाहेरून घसरत मिसळत असते. हातपंपाचा ओटा हलतो का, हापसताना पाण्याचे शिंतोडे पुन्हा पाईपभोवती मुरतात का, हे डोळ्यांनी पाहण्यासाठी एक मिनिट पुरते.

आता आपल्या नायट्रेटकडे वळतो. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही आणि त्यात सवलत नाही. ही मर्यादा मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी आहे, कारण नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. पाणी उकळून हे जात नाही, उलट आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. हे गावातील प्रत्येक घरी आवर्जून सांगावे. माती नायट्रेटला धरून ठेवत नाही, त्यामुळे ते पाण्याबरोबर मुकाट्याने खाली जाते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र म्हणजे जवळपास २१ किलो नत्र असते. ते सारे नायट्रेट झाले तर त्याचे वजन ९० किलोंहून अधिक भरते. पिकाने आणि हवेने बहुतेक नेले आणि दहावा हिस्सा तेवढा खाली उतरला, तरी दोन लाख लिटर स्वच्छ पाणी मर्यादेला नेऊन भिडवायला तो पुरतो. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे पंच्याऐंशी हजार लिटर भरते, यावरून अंदाज करावा.

परंतु नायट्रेट दिसले म्हणजे संत्र्याच्या बागेचाच दोष, असे धरू नये. गोठे, उकिरडे आणि शौचालयांचे खड्डे हेही नत्राचेच साठे आहेत. ओळखण्याची एक साधी रीत म्हणजे नायट्रेटबरोबर क्लोराइड पाहणे. माणसांच्या सांडपाण्यात मीठ असते. युरियात ते नसते. गावठाणातील विहिरींत दोन्ही चढलेले आणि शेतातल्या विहिरींत नायट्रेट चढलेले पण क्लोराइड जेमतेम, असे चित्र दिसले तर दोन वेगळे उगम आहेत असे समजावे. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश वापरले असेल तर त्यातूनही क्लोराइड येते, म्हणून बागाईतदाराला कोणते खत घातले ते विचारूनच निष्कर्ष काढावा. सोबत ई. कोलाय हे आतड्यातले जिवाणू सापडले तर मलमूत्राची वाट उघडी आहे यात शंका राहत नाही.

मे महिन्यातला नमुना चांगला का आला, हे आता लक्षात येईल. त्या वेळी जमीन कोरडी होती, वरून खाली येणारे पाणीच नव्हते, आणि विहिरीत जे होते ते खोल फटींतले जुने पाणी होते. पावसाळ्यात भेगांतून आणि मुरमातून जे उतरले ते पातळी वर आल्यावर विहिरीत मिसळले. दोन्ही निकाल खरे आहेत. नमुना जून अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला एकदा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकदा घ्यावा; वर्षातून एकच घ्यायचा तर तो मे महिन्यात तरी घेऊ नये. आणखी एक चूक वारंवार दिसते. सकाळी विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली जाते, दुपारी जंतुपरीक्षणाचा नमुना भरला जातो आणि साहजिकच तो निर्दोष येतो. तपासणी विहिरीची करायची असेल तर नमुना पावडर टाकण्याआधी, निर्जंतुक बाटलीत घ्यावा, बर्फात ठेवावा आणि चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा.

जिल्ह्याच्या इतर भागांबद्दल थोडेच लिहितो, कारण प्रश्न काटोलचा आहे. मौदा आणि रामटेककडे धानाच्या बांधीत पाणी साचून राहते, तेथे प्राणवायूच्या अभावी नायट्रेटचा बराच भाग मातीतच विघटित होतो, त्यामुळे तिथला कमी आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. जंतूंची तपासणी तेथे अधिक महत्त्वाची ठरते. कामठी-सावनेर पट्ट्यात वालुकाश्म आहेत, कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्रांची राखेची तळी आहेत. तेथे नायट्रेटपुरते न थांबता सल्फेट आणि धातूही तपासावे लागतात.

गावाने स्वतः काम करायचे तर मी ते असे करेन. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून जवळच्या निरीक्षण विहिरीच्या ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या चारही महिन्यांच्या पातळ्या मागून घ्याव्यात. राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, तेव्हा मातीच्या खोलीची माहिती तेथे विचारावी. शिवाय गावात विहीर खोदणारे जे जुने लोक आहेत त्यांच्याकडून किती हातांवर मुरूम, किती हातांवर मांजऱ्या (मऊ खडक) आणि कुठे काळा पाषाण लागला, हे लिहून घ्यावे. ही माहिती कोणत्याही नकाशापेक्षा बारीक असते.

मग पिण्याच्या विहिरीभोवतीच्या तीन विहिरी निवडाव्यात, गवंड्याच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने त्यांच्या कठड्यांच्या उंचीतला फरक काढावा, आणि एकाच सकाळी, मोटारी सुरू होण्याआधी, तिन्हींतले पाणी कठड्यापासून किती खाली आहे ते मोजावे. उंचीतून खोली वजा केली की पाण्याची खरी पातळी मिळते आणि पाणी कोणत्या विहिरीकडून कोणत्या विहिरीकडे वाहते ते कागदावर त्रिकोण काढून समजते. बहुधा ते जमिनीच्या उताराने नाल्याकडे जाते, पण बागांच्या मोटारी सुरू असताना ते उलटेही फिरू शकते, म्हणून हेच मोजमाप ओलिताच्या दिवसांत दुपारी एकदा पुन्हा करावे. ज्या बाजूने पाणी येते त्या बाजूला निदान १२५ मीटरपर्यंत, आणि इतर बाजूंना पन्नास मीटरपर्यंत पायी फिरून प्रत्येक शौचालय, शोषखड्डा, उकिरडा, गोठा, बंद पडलेला बोअर आणि उघडी नाली गावाच्या नकाशावर टिपावी. गावाच्या पाण्याची देखरेख करणारे जलसुरक्षक आणि आरोग्य कर्मचारी दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करतात आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. ते काम याच फेरीत उरकावे, आणि लाल कार्ड मिळाले तर त्याची लाज न बाळगता ते ग्रामसभेत वाचून दाखवावे.

विहीर पुनर्भरणाच्या योजनेविषयी एक काळजीचा शब्द. शेतातले किंवा गल्लीतले वाहते पाणी थेट पिण्याच्या विहिरीत अथवा बोअरमध्ये सोडणे म्हणजे माती जो काही अडथळा करते तोही काढून टाकणे होय. वाळू-गिट्टीची गाळणी नायट्रेट अडवत नाही. पुनर्भरण करायचेच असेल तर पिण्याच्या स्रोतापासून दूर, पाण्याच्या वाटेच्या खालच्या बाजूला करावे, आणि पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी बाजूला वळवून द्यावे.

आपल्या विहिरीपुरते म्हणाल तर तान्ही बाळे असलेल्या घरांना आजपासूनच दुसऱ्या, तपासलेल्या स्रोताचे पाणी मिळेल अशी सोय करावी. बाकीचे काम त्यानंतर. येत्या मृगाच्या आधी विहिरीच्या ओट्याला तडे असतील तर ते बुजवून घ्यावेत, जवळ उकिरडा असेल तर तो हलवावा, आणि पहिला चांगला पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी, जलसुरक्षक पावडर घेऊन येण्यापूर्वी, विहिरीत डोकावून आतल्या दगडांवर कुठे धार उतरते आहे ते पाहावे आणि तिथल्या पाण्याचा नमुना वेगळ्या बाटलीत भरावा.